लोखंडी टेबलावर चुंबकाची जागा सव्वा सेंमी खाली येते

महापे_बेंच
प्लास्टिकच्या १५ सेंमी दांडीची जागा आणि कल मोजायचा आहे. टोकाला १० मिमी व्यासाचं, १० मिमी उंचीचं एन४२ (निओडिमियमचा एक दर्जा) चुंबक. खाली ३० × ३० सेंमी ॲक्रिलिकवर एमएमसी५९८३एमए या तीन अक्षांच्या चुंबकीय सेन्सरची आठ मॉड्यूल. सगळ्यांचा डेटा-वाहिनीवरचा पत्ता एकच, म्हणून टीसीए९५४८ए (एकेका सेन्सरला आळीपाळीने जोडणारी चिप) मधून वाचतो. चुंबक नसतानाचं रीडिंग वजा करून उरलेल्या क्षेत्रावरून चुंबकाची जागा लेव्हनबर्ग-मार्क्वार्टने (अंदाज सुधारत सर्वांत जुळणारं उत्तर शोधणारी पद्धत) सोडवतो. सेन्सरच्या ५ सेंमी जवळ उत्तर उडतं. २० सेंमीवर चुंबक उभं धरलं की सव्वा सेंमी खाली दिसतं. दांडी स्वतःभोवती फिरवली तर काहीच बदलत नाही. युनिट एमआयडीसीत, टेबल लोखंडी, बोर्ड ७ सेंमीच्या लाकडी ठोकळ्यांवर.

वागळे_इस्टेट
५ सेंमीचं आधी. या चुंबकाचं क्षेत्र अक्षावर १० सेंमीला सुमारे १६० मायक्रोटेस्ला येतं आणि अंतराच्या घनाने घटतं. ५ सेंमीला ते आठपट, म्हणजे १३०० च्या आसपास, आणि तुमच्या सेन्सरची मर्यादा ८०० आहे. मर्यादेपलीकडे जाऊन भरलेल्या सेन्सरचं रीडिंग त्या फेरीत गणितातून काढून टाका आणि चुंबक दूर गेल्यावर सेट पल्स (सेन्सर मूळ स्थितीत आणणारा विजेचा झटका) द्या, नाहीतर ऑफसेट (शून्याची जागा) हललेलाच राहतो.

खरं दुखणं टेबलाचं आहे. रिकामं रीडिंग वजा केल्याने लोखंडाचं स्वतःचं क्षेत्र जातं, पण तुमच्या चुंबकामुळे त्यात जे नव्याने जागं होतं ते जात नाही, कारण ते चुंबकाबरोबर हलतं. पत्र्याखाली चुंबकाचं प्रतिबिंब आहे असं धरा: सेन्सरपासून २० + ७ + ७ = ३४ सेंमी. (२०/३४) चा घन साधारण ०.२, म्हणजे क्षेत्र २० टक्के जास्त. म्हणून चुंबक जवळ भासतं. क्षेत्र घनाने घटत असल्यामुळे अंतरात तो फरक एक तृतीयांश होऊन उतरतो, आणि तुमचे सव्वा सेंमी तिथेच सापडतात. बोर्ड लोखंडापासून अर्धा मीटर दूर न्या, चूक मिलिमीटरच्या आत येईल. स्क्रू पितळी किंवा नायलॉनचे घ्या. ३०४ स्टेनलेस स्टीलसुद्धा थंड घडाईनंतर थोडं चुंबकीय होतं.

ऐरोली_सिग्नल
टेबल बदलल्यावरही मॉड्यूल हाताने सोल्डर केलेली असतील तर एक-दोन अंश तिरकी असणारच. ग्राफ पेपरवर ५ सेंमीच्या जाळीत चुंबक ठेवून प्रत्येक सेन्सरचा तिरपेपणा, ऑफसेट आणि तिन्ही अक्षांचे गुणक एकदाच काढून घ्या. विजेच्या तारांमुळे येणारा ५० हर्ट्झचा गोंगाट घालवायला २०० हर्ट्झने वाचा आणि चार-चार नमुन्यांची सरासरी काढा: २० मिलिसेकंद, बरोबर एक आवर्तन. आपल्या पट्ट्यात हा गोंगाट टाळता येत नाही. अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये सुरू झाली तीसुद्धा मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हणूनच!

दांडीचं स्वतःभोवती फिरणं एका गोल चुंबकाने कधीच कळणार नाही, अक्षाभोवती त्याचं क्षेत्र सारखंच असतं. दुसऱ्या टोकाला दुसरं चुंबक आडवं बसवा, पहिल्याच्या अक्षाला काटकोनात. दांडी ताठ असल्याने अज्ञात सहाच (तीन जागेचे, तीन फिरण्याचे) राहतात आणि आठ सेन्सर २४ आकडे देतात. सुरुवातीचा अंदाज मात्र मागच्या फेरीतलाच द्या.

महापे_बेंच
चुंबकाची ताकद स्थिर धरू की सोडवू?

वागळे_इस्टेट
कॅलिब्रेशनच्या वेळी सोडवा, नंतर स्थिर धरा. एन४२ ची ताकद दर अंशाला साधारण ०.१२ टक्के उतरते. १० अंश वाढले तर २० सेंमीवर ०.८ मिमी फरक. तेवढा चालत नसेल तर दांडीत तापमानाचा सेन्सर बसवा.