जुनी संग्रहालयं: बघणाऱ्यांनी आणि राखणाऱ्यांनी लिहा (अनुभव धागा)

माहुलीसंगम

आपल्या सातारा-सांगली भागात जुन्या कॉलेजांच्या प्राणिशास्त्र विभागात काचेची कपाटं आहेत, वाड्यांच्या माडीवर पेंढा भरलेले बिबटे आहेत, कुणाकडे पोतराजाचा आसूड आणि वासुदेवाची टोपी फडताळात पडून आहे. शिवाय औंधचं श्री भवानी संग्रहालय आहेच. ज्यांचा या वस्तूंशी रोजचा संबंध येतो त्यांनी इथं लिहावं. लहानपणी काय वाटलं होतं ते नको. काय बघावं, कशाला हात लावू नये, काय बिघडतं आणि का, एवढंच लिहा.

फॉर्म्यालीन

बरण्यांपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त नासधूस तिथंच दिसते.

बाजारात मिळतं ते फॉर्मॅल्डिहाइडचं ३७ ते ४० टक्के द्रावण. त्याचा एक भाग आणि पाणी नऊ भाग म्हणजे ज्याला सगळे '१० टक्के फॉर्मलीन' म्हणतात ते. त्यात प्राणी पक्का होतो, म्हणजे सडायचा थांबतो. साप किंवा मोठा मासा असेल तर नुसता बुडवून भागत नाही. पोटात द्रावण टोचावं लागतं किंवा पोटाकडून जागोजागी चिरा द्याव्या लागतात, नाहीतर बाहेरून टणक आणि आतून सडका असा प्रकार होतो. पक्का झाला की वाहत्या पाण्यात धुऊन ३०, ५० आणि मग ७० टक्के अल्कोहोल अशा पायऱ्यांनी न्यायचा. एकदम ७० मध्ये टाकला तर आक्रसतो.

बऱ्याच ठिकाणी खर्च नको म्हणून प्राणी कायमचा फॉर्मलीनमध्येच ठेवतात. चालतं, पण साधं फॉर्मलीन हळूहळू आम्लधर्मी होतं आणि हाडातला, शिंपल्यातला चुना विरघळवतं. गोगलगाईचा शंख पातळ होऊन हाताने दबतो तो यामुळे. उपाय सोपा आहे: लिटरमागे मोनोबेसिक सोडियम फॉस्फेट ४ ग्रॅम आणि डायबेसिक ६.५ ग्रॅम.

अल्कोहोलच्या बरणीत पातळी खाली गेली की शिपाईमामा वरून ७० टक्के ओततात. इथंच चुकतं. पाण्याच्या मानाने अल्कोहोल लवकर उडतं, त्यामुळे जे खाली उरलेलं असतं ते ७० नसतंच, ५५-६० झालेलं असतं. त्यात ७० घातलं तर ६५ होईल, पुन्हा ७० कधीच होणार नाही. दर वर्षी असंच केलं की एक दिवस प्राणी लिबलिबीत होतो. आधी अल्कोहोलमीटर (अल्कोहोल किती टक्के ते दाखवणारी तरंगती नळी) बुडवून बघा, मग किती तीव्र घालायचं ते ठरवा. बरणीत फॉर्मलीन आहे की अल्कोहोल हे कळत नसेल तरी हाच मीटर कामाला येतो. वास घेऊन ठरवू नका. फॉर्मॅल्डिहाइड कर्करोगकारक आहे. नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, उघड्या खिडक्या, आणि अल्कोहोलच्या बरण्यांजवळ शेगडी-बर्नर अजिबात नको.

चिठ्ठी बरणीच्या आत हवी. चांगल्या कापशी कागदावर, पेन्सिलने किंवा इंडियन इंकने. बॉलपेनचं अक्षर अल्कोहोलमध्ये आठवड्याभरात धुऊन जातं. नुसती बाहेर डकवलेली चिठ्ठी झुरळं खातात. चिठ्ठीला खळ असतेच. चिठ्ठी गेलेल्या बरणीतला बेडूक विद्यार्थ्यांना दाखवायला बरा, अभ्यासाला शून्य.

कसरवैरी

फॉर्म्यालीन सरांचं चिठ्ठीबद्दलचं बोलणं पेंढा भरलेल्या प्राण्यांनाही लागू आहे, पण आधी जिवाचं सांगतो. विसाव्या शतकातल्या बहुतेक जुन्या कातड्यांना आतून आर्सेनिकचा साबण लावलेला आहे. मैसूरच्या व्हॅन इन्जेन कारखान्यात, जो १९९९ पर्यंत चालू होता, वाघ-बिबट्यांच्या आत पेंढा नव्हे, कागदाच्या लगद्याचा साचा असे. आपण सवयीने पेंढा म्हणतो एवढंच. आर्सेनिक हे विष आहे, तेव्हा वाघाच्या पाठीवर पोरांना बसवून फोटो काढू नका, आणि ओल्या फडक्याने तर अजिबात पुसू नका.

साफ करायचं तर मास्क, हातमोजे, मऊ ब्रश, केसांच्या दिशेने. व्हॅक्यूमच्या तोंडाला जाळी बांधून कमी ओढीवर ब्रशजवळ धरायचा, प्राण्याला टेकवायचा नाही. व्हॅक्यूमची पिशवी नंतर घरच्या कचऱ्यात जाता कामा नये.

कीड कुठून सुरू होते ते बघायला शिका: नाकाची कड, कानाचं मूळ, पायाची बोटं, आणि ज्या फळीवर उभा आहे तिची खालची बाजू. तिथं भुकटी असेल आणि तपकिरी, केसाळ, तांदळाच्या दाण्याहून लहान अशी रिकामी सालटं पडलेली असतील, तर डर्मेस्टिडची (कातडं-केस खाणाऱ्या भुंगेऱ्याची) अळी आत आहे. सालटं जुनी की ताजी? खाली पांढरा कागद पसरा, कोपऱ्यात तारीख टाका, पंधरवड्याने बघा. कागद कोरा असेल तर जुनं दुखणं. भुकटी पडली असेल तर आजच वेगळा काढा, शेजारच्या मोरावर जायच्या आत.

मारायचं कसं? थंडीने. वस्तू जाड पॉलिथिनमध्ये गुंडाळायची, हवा काढून चिकटपट्टीने बंद करायची, उणे २० अंशांत दोन आठवडे ठेवायची. घरचा डीप फ्रीझर उणे १८ च्या आसपास असतो, त्यात जास्त ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडायची नाही; उघडली तर गार वस्तूवर दव धरतं आणि किडीऐवजी बुरशी मिळते.

तासगावकर

@कसरवैरी, मोठा प्राणी घरच्या फ्रीझरमध्ये मावणार कसा? आमच्याकडे बेदाण्याची कोल्ड स्टोरेज हवी तेवढी आहेत, तिथं ठेवला तर?

कसरवैरी

नको. बेदाण्याचं स्टोरेज शून्याच्या वर चालवतात. त्या गारव्यात अळी मरत नाही, सुस्तावते आणि बाहेर आल्यावर पुन्हा खायला लागते. आइस्क्रीमवाल्यांची उणे २० ची खोली चालेल, पण आर्सेनिकची वस्तू खाण्याच्या मालाशेजारी ठेवायला कुणी देणार नाही, देऊही नये. मोठ्या प्राण्याला हवाबंद तंबू करून ऑक्सिजन काढून घेण्याची पद्धत आहे, ती जाणकाराकडूनच.

भुंगेरा

कीटकपेट्यांबद्दल थोडक्यात. भुंगेऱ्याला टाचणी उजव्या पंखकवचातून, फुलपाखराला छातीच्या मध्यातून. पितळी टाचणीवर हिरवट गोळा येतो तो किड्याच्या अंगातल्या चरबीमुळे. स्टेनलेसच्या घ्या. टाचणीवरच खाली ठिकाण, तारीख, गोळा करणारा अशी चिठ्ठी.

डांबरगोळ्यांबद्दल वाद होईल, पण सांगतो: थर्मोकोलचा तळ असलेल्या पेटीत त्या ठेवल्या की तळ चिकट होऊन खचतो. बंद पेटीत त्या किडीला दूर ठेवतात, आधीच आत असलेल्या अळ्यांवर मात्र भरवसा ठेवू नये. आणि लोक जो कडुलिंबाचा पाला ठेवतात तो ओलावा आणि स्वतःची कीड घेऊन येतो.

माडीवरची

कडुलिंब वाळवून ठेवला तर? आमच्या सासूबाई धान्यात ठेवतात तसा.

भुंगेरा

धान्य तुम्ही वर्षभरात संपवता, ताई. पेटी शंभर वर्षं राहायची आहे. पाल्याचा चुरा पायांत, मिशांत अडकतो आणि काढताना मिशा तुटतात.

घोंगडीवाला

माणसांच्या वस्तूंबद्दल कुणीच बोललं नाही अजून. धनगरी ढोल ठेवताना दोऱ्या सैल करून ठेवा. कातडं पावसाळ्यात ढिलं पडतं आणि फेब्रुवारीत ताणतं. आवळलेला ढोल कडेने फाटतो तो तेव्हाच. घोंगडीची घडी घालायची नाही. घडीच्या रेषेवर लोकर तुटते. धुतलेल्या मांजरपाटात घालून नळीवर गुंडाळा. वासुदेवाच्या टोपीतली मोरपिसं कसरीचं आवडतं खाणं, आणि उजेडाने ती फिकी पडतात, म्हणून ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर दिवा नको. चांदीच्या दागिन्यांना चिंच-रांगोळी लावून चकचकीत करायचा मोह आवरा. दर घासण्याला नक्षीचा एक थर जातो, आणि खाचेत राहिलेलं कुंकू किंवा तेल, जे वस्तू वापरात होती हे सांगतं, तेही जातं.

क्रमांक घालायची रीत: वस्तूच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक राळेचा बोटाच्या पेराएवढा पट्टा, वाळल्यावर त्यावर बारीक निबाने इंडियन इंकचा आकडा, वरून आणखी एक हात. पुढे काढायचा झाला तर ॲसिटोनने निघतो. कापडावर नाही, कापडाला आकडा लिहिलेली नाडीची पट्टी दोन टाक्यांनी. तोच आकडा नोंदवहीत, आणि तिथं कुणाकडून, कोणत्या गावातून, कधी, कोण वापरत असे, त्यांच्या बोलीत काय म्हणत. 'आदिवासी हार' अशी नोंद म्हणजे नोंद न केल्यासारखीच. मण्यांचा क्रम, बांधायची गाठ यांचाही फोटो घ्या. दोरा तुटला की क्रम कुणालाच आठवत नाही.

कृष्णाकाठ

सांगलीकरांनी पुराच्या पाण्याचं लिहिलं नाही तर कुणी लिहायचं? आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. म्हणजे नदीकडच्या भागात तळमजल्यावर काहीच कायमचं ठेवू नये, आणि ४० ला पोचायच्या आत काय वर न्यायचं याची यादी दारामागे लावलेली हवी. यादीत पहिली नोंदवही, वस्तू नंतर. वही वाचली तर चिखलातून काढलेली वस्तू ओळखता येते.

पाणी उतरल्यावर आधी वीज तोडलेली आहे ना ते बघा. मग ४८ तासांच्या आत हालचाल, कारण त्यानंतर बुरशी धरते. भिजलेली वही उघडू नका, पानं सोडवू नका. जशी आहे तशी पॉलिथिनमध्ये घालून फ्रीझरमध्ये टाका. गोठली की वेळ मिळतो. एकदोनच असतील तर पंख्याखाली, सावलीत, पानांमध्ये कोरा टिपकागद, दर काही तासांनी बदलून. छापील वर्तमानपत्र नको, शाई उतरते. कापड ओलं असतानाच स्वच्छ पाण्यात बुचकळा, पिळू नका, पाणी जास्त असलेलं कापड खाली जाळी घालून उचला. नुसतं धरून उचललं तर स्वतःच्या वजनाने फाटतं. लाकडी मुखवटा उन्हात ठेवला की तडकतो, त्याला ओल्या कापडात गुंडाळून हळूहळू सुकू द्या. पेंढा भरलेल्या प्राण्यावर नळी मारू नका. आर्सेनिक फरशीवर येतं आणि तिथून तुमच्या चपलांना. बरण्यांची झाकणं शाबूत असतील तर नुसत्या बाहेरून धुवा.

रहिमतपूर स्टेशन

औंधला जाणाऱ्यांसाठी. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे साधारण ४५ किमी, रेल्वेने यायचं तर पुणे-मिरज मार्गावर रहिमतपूर. श्री भवानी संग्रहालय यमाईच्या डोंगरावर आहे, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभं केलेलं. हे मानववंशाचं किंवा प्राण्यांचं संग्रहालय नव्हे. एका चित्रकार राजाने स्वतःच्या आवडीने जमवलेला ठेवा आहे, आणि तसाच बघावा. लोक रविवर्म्याच्या 'सैरंध्री'समोर फोटो काढून निघतात आणि हेन्री मूरचं आई-मुलाचं दगडी शिल्प न बघता जातात. सकाळी लवकर पोचा. ऊन चढलं की काचांवर झळाळी येते आणि चित्रात स्वतःचाच चेहरा दिसतो. तिरपं उभं राहून बघा. फोटोला परवानगी आहे का ते आत शिरतानाच विचारा, फ्लॅश मात्र परवानगी असली तरी नको. सुटीचा दिवस आधी फोन करून विचारून घ्या.

पोरगी ऑक्सफर्डला

ज्यांची मुलं ऑक्सफर्डला शिकतात त्यांनी तिथलं पिट रिव्हर्स, म्हणजे जगभरच्या माणसांच्या वस्तूंचं संग्रहालय, चुकवू नये. जनरल पिट-रिव्हर्सच्या संग्रहावर १८८४ मध्ये सुरू झालं. दार शोधत बाहेर फिरू नका. १८६० मधल्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातून सरळ मागे चालत गेलं की आत शिरता येतं. जाता जाता डोडोचं कपाट बघा. प्रवेश दोन्हीकडे मोफत.

मांडणी देशवार नाही, कामवार आहे. जगभरची कुलपं एका कपाटात, विस्तव पेटवायची साधनं दुसऱ्या, वाद्यं तिसऱ्या. त्यामुळे 'भारत कुठाय' असं विचारत फिरलं तर दमछाक होते. एखादं कपाट धरा, उदाहरणार्थ वाद्यांचं, आणि आपल्याकडचं ओळखीचं वाद्य कुणाच्या शेजारी बसवलंय ते बघा. प्रकाश मुद्दाम मंद ठेवलेला आहे. कपाटांखालचे खण ओढून बघायची मुभा आहे, हे बहुतेकांना कळतच नाही. चिठ्ठ्या हाताने, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेल्या. वाचायचा चष्मा न्या. आक्रसवलेली मानवी मुंडकी २०२० मध्ये प्रदर्शनातून काढली, त्यांच्यासाठी जाऊ नका.

माडीवरची

वाड्यात एक बिबट्याचं कातडं आहे, आजेसासऱ्यांच्या काळचं. कॉलेजला देऊन टाकावं म्हणते. चालेल?

वनराई

आधी कागद बघा, ताई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याचं मालकी प्रमाणपत्र लागतं. २००३ मध्ये घोषित करायची संधी दिली होती, ती कुणी घेतली होती का ते घरात शोधा. विकता येणारच नाही. कॉलेजला किंवा संग्रहालयाला द्यायचं तरी वनखात्याची लेखी परवानगी घेतल्याशिवाय वाड्याबाहेर हलवू नका. प्रमाणपत्र नसेल तर वन विभागाच्या कार्यालयात वकिलाला घेऊन जा आणि आहे ते लेखी सांगा.

माडीवरची

बघते. त्याची दोन नखं गळून पडलीत, ती फेविक्विकने चिकटवू का तोवर?

कसरवैरी

नको. ते कडक होऊन पुन्हा तुटतं, आणि तुटताना नखाबरोबर कातड्याचा तुकडा नेतं. नखं कागदी पाकिटात घाला, पाकिटावर कोणत्या पायाचं कितवं नख ते पेन्सिलने लिहा आणि पाकीट कातड्यापाशीच ठेवा. हातमोजे घालून.