एकट्या डॉक्टरने किती ओढायचं?

कोकणी_काढा: "व्यवस्थाच सडलीय, एकटा डॉक्टर काय करणार?" ऐकून कान किटले. कोकणात विंचू चावून धडधाकट माणसं दगावत होती तेव्हा महाड परिसरातल्या हिंमतराव बावस्करांनी पेशंटच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. लक्षणांवरचा लेख १९८२ ला 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला, प्राझोसिन या औषधावरचा १९८६ ला. माझ्या मते डॉक्टर कामाने थकत नाही, निष्फळ कामाने थकतो. एकच प्रश्न धरा, मोजत राहा, बाकीच्याला नाही म्हणा.

जेआर_टू: नाही म्हणा? कुणाला? इमर्जन्सीच्या दिवशी सकाळी वॉर्डात शिरलेला निवासी डॉक्टर दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर पडतो. मामा, म्हणजे वॉर्डबॉय, नसला की ट्रॉली आम्हीच ढकलायची, रक्ताच्या नळ्या खिशात घालून लॅबला आम्हीच पळायचं. सलग १२ तासांवर ड्यूटी नको, हे केंद्राने १९९२ मध्येच लिहून ठेवलंय. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. ७४, आणि ही सुधारणा!

कोकणी_काढा: मग हाच तुमचा प्रश्न. ड्यूटीचे तास रोज लिहा, वर्षभराने आकडे मांडा.

जेआर_टू: थीसिसवर सही गाईडची असते, काका.

गटप्रवर्तक_ताई: दोघंही डॉक्टरभोवतीच फिरताय. गडचिरोलीत बंग दाम्पत्याने बाळं वाचवली ती गावातल्या बायकांना शिकवून. श्वास मोजणं, बाळ उबदार ठेवणं, गरज पडली तर इंजेक्शनसुद्धा. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला, १९९९ ला 'लॅन्सेट'मध्ये छापून आलंय. काम वाटून दिलं म्हणून ते टिकलं. पण पुढची गंमतही ऐका. २०११ पासून सरकारने हेच काम आशांकडे दिलं, एका बाळाच्या सहा-सात भेटींचे मिळून २५० रुपये. डॉक्टरच्या पाठीवरचं ओझं आमच्या पाठीवर!

कोकणी_काढा: ताई, मोबदल्याचं पटलं. तरी सुरुवात कुणीतरी एकट्यानेच केली ना?

गटप्रवर्तक_ताई: एकट्याने कुठे? नवरा-बायको दोघं डॉक्टर, सोबत अख्खी संस्था.

जेआर_टू: हेच म्हणतोय. रात्रपाळीच्या मामाची जागा भरा म्हणून अधिष्ठात्यांकडे एकटा गेलो तर माझं नाव लक्षात राहील. सगळी बॅच गेली तर निदान फाईल तरी हलेल.