नवा थर्मोस्टॅट वॉल टाकल्यापासून कुंभार्ली घाटात गाडी गरम होतेय, मदत हवी आहे

मंडळी, दहा टायरची गाडी, सहा सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन. चिपळूणच्या बाजूने जांभा चिरा भरायचा आणि कुंभार्ली चढून कराडला उतरवायचा, आठवड्याला दोन-तीन खेपा.

थंडीत गाडी गरमच होईना. पाटणहून सकाळी निघालं की हीटचा काटा तळाला चिकटलेला, सायलेन्सरमधून बराच वेळ पांढरा धूर, आणि ॲव्हरेज ४ वरून साडेतीनवर. मेकॅनिकने थर्मोस्टॅट वॉल (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडून दाखवला, तो उघडाच अडकला होता. बाजारातून नवा आणून बसवला, पॅकिंग नवं, कुलंट नवं.

आता सपाटीवर काटा अगदी मधोमध, बघून बरं वाटतं. पण भरलेली गाडी पोफळी सोडून चढाला लागली की काटा हळूहळू वर सरकतो आणि घाट संपता संपता लालच्या अलीकडे येतो. हेळवाकला थांबून वरच्या होज पाईपला हात लावला तर चटका बसतो, खालचा मात्र हाताला सोसतो. गाडी पाच-दहा मिनिटं नुसती चालू ठेवली की काटा पुन्हा जागेवर. रिकामी गाडी याच घाटात काही कुरकुर करत नाही.

आमचे नाना तीस वर्षं स्टेअरिंगवर होते. त्यांचं एकच म्हणणं, "वॉल काढून फेकून दे, आपल्या मुलखात तो लागत नाही." पण मग थंडीतला धूर आणि डिझेल पुन्हा सुरू. शिवाय उलटा प्रश्न मला छळतोय: जुना खराब होता तेव्हा याच घाटात, याच रेडिएटरवर काटा हलत नव्हता. मग चांगला वॉल टाकून गाडी गरम का व्हावी?

प्रतिसाद: भाऊ, पाणी भरताना हवा अडकली असणार. गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा, टाकीचं झाकण उघडं ठेवून सावकाश भरा. गार असतानाच, घाटात उतरून झाकण फिरवू नका. नाहीतर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं पॅकिंग) बघा.

धागाकर्ता: हवा दोनदा काढली, फरक नाही. हवेने काटा एकदम उडतो आणि पडतो, आमचा सावकाश चढतो. टाकीत बुडबुडे नाहीत, ऑइल दुधाळ झालेलं नाही, कुलंट थेंबभर कमी होत नाही. फॅन बेल्ट ताठ आहे.

प्रतिसाद: वॉल उलटा बसवला असेल. मेणाची डबी (तापली की मेण फुगून वॉल उघडतो ती) इंजिनच्या बाजूला पाहिजे.

धागाकर्ता: सरळच आहे. छोटं हवेचं भोकही वरच्या अंगाला. आज वॉल काढून घरीच तपासला. पातेल्यात पाणी, वॉल तारेने मध्ये लोंबकळत ठेवला (तळाला टेकला तर भांड्याचीच आच लागते), आणि शेजारच्या डेअरीवाल्याकडून थर्मामीटर उसना. वॉलवर ८२ छापलंय. ८३ ला फट दिसली, ९५ च्या आसपास पूर्ण उघडला, मोजलं तर ९ मिमी. गार पाण्यात टाकल्यावर बंदही झाला. आई म्हणाली, पातेलं आता गाडीतच ठेव. म्हणजे वॉल शाबूत आहे, मग घोडं अडलंय कुठं?

प्रतिसाद: दादा, जुना वॉल फेकला नसाल तर नवा आणि जुना टेबलावर शेजारी आडवे ठेवून बघा. जुन्याला खालच्या टोकाला स्प्रिंगवर आणखी एक छोटी तबकडी आहे का?

धागाकर्ता: डिकीतून शोधून काढला. जुन्याला खाली तबकडी आहे, नव्याला नाही! नवा उंचीलाही बोटभर कमी. वरची चकती मात्र त्याच मापाची, म्हणून हाउसिंगमध्ये चपखल बसला. ती तबकडी कशाला असते?

प्रतिसाद: तिथंच तुमचं दुखणं आहे. गार इंजिनात वॉल बंद असतो, तेव्हा पाणी रेडिएटर टाळून बायपासच्या वाटेने थेट वॉटर पंपाकडे परत जातं. वॉल उघडताना खालची तबकडी पुढे सरकून ती वाट बुजवते, मग सगळं पाणी रेडिएटरकडे. तुमच्या नव्या वॉलला तबकडीच नाही, म्हणून बायपास कायम सताड उघडा. सपाटीवर रेडिएटरकडे जाईल तेवढं पाणी पुरतं. भरल्या गाडीने घाट चढताना पुरत नाही, गरम पाणी तसंच फिरत राहतं.

जुना उघडा अडकला होता म्हणजे त्याच्या तबकडीने बायपास बंद करून ठेवला होता. म्हणून तेव्हा गाडी गारठायची. आणि नानांचं ऐकून वॉल काढला असता तर बायपास उघडाच राहिला असता, दुखणं हेच. त्यांच्या काळच्या गाड्यांत चाललं असेल, तुमच्या हाउसिंगमध्ये बायपासचं भोक चांगलं मोठं असणार. इंजिन नंबर सांगून पार्ट घ्या, नुसत्या चकतीच्या मापावर नको.

धागाकर्ता: इंजिन नंबर देऊन दोन तबकड्यांचा वॉल मागवला, काल बसवला. आज सकाळी चिरा भरून कुंभार्ली चढलो. काटा मधल्या रेघेच्या किंचित वर गेला आणि तिथंच थांबला. हेळवाकला खालच्या पाईपला हात लावला, आता तोही चांगला गरम लागतो. नाना शेजारी बसले होते, काट्याकडे बघत. काही बोलले नाहीत, चहाचे पैसे मात्र त्यांनी दिले.

आधीचा वॉल घेऊन दुकानात गेलो तर म्हणाला, लागलेला माल परत नाही. कुणाच्या बायपास नसलेल्या इंजिनाला ८२ चा चालत असेल तर कळवा, पातेल्यात तपासलेला आहे.