मदत हवी आहे: ब्लॉक हीटर बसवला पण कूलंट झिरपतंय

नमस्कार मंडळी, मी कॅनडात सस्काटूनला असतो, इथे जानेवारीत पारा उणे 30 च्या खाली जातो. व्हँकुव्हरहून सेकंडहँड पिकअप घेतला, तिकडे थंडी कमी त्यामुळे गाडीला ब्लॉक हीटर (थंडीत इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर) नव्हताच. शनिवारी स्वतःच 400 वॉटचा बसवला, कूलंट काढलं, फ्रॉस्ट प्लग (इंजिन ब्लॉकच्या भोकात बसवलेली धातूची चकती) एका बाजूने ठोकून आडवा केला आणि पकडीने ओढून काढला, भोकाच्या कडेला गंज होता तो पॉलिश पेपरने घासला, ओ-रिंगला (हीटरच्या रबरी कडीला) कूलंट लावून हीटर बसवला आणि मधला स्क्रू आवळला.

आता सकाळी इंजिन थंड असताना हीटरच्या खालच्या कडेला हिरवा थेंब धरतो, तापलं की थांबतं. भोकाच्या कडेला नखाला जाणवेल असा एक ओरखडा पण आहे, बहुतेक ठोकताना पडला.

कूलंट कमी असताना हीटर लावला तर एलिमेंट जळतं म्हणून अजून विजेच्या प्लगमध्ये लावलाच नाहीये. स्क्रू अजून आवळू का, की ओ-रिंग तुटेल? ओरखडा बारीक पेपरने निघेल का? सकाळी 6 ला मुलीला घेऊन निघावं लागतं हो, गाडी सुरू झालीच पाहिजे. कुणी केलं असेल तर प्लीज सांगा.