मदत हवी आहे: व्हायब्रेशन प्लेटने वजन उतरतं का? (नाशिक)

गोदाकाठ: दोन महिने रोज सकाळी या थरथरणाऱ्या प्लेटवर उभी राहतेय, उतरलं जेमतेम अर्धा किलो. दुकानदार म्हणाला होता, दहा मिनिटं म्हणजे तासभर चालणं. स्पीड वाढवू का? लवकर सांगा, रविवारी मशीनचं पुढच्या महिन्याचं भाडं भरायचंय.

सातपूरकर: वय, वजन, खाणं? काहीच लिहिलं नाहीत.

पहाटवारा: मशीन परत करा. पांडवलेणीच्या पायऱ्या चढा रोज. माझे चार महिन्यांत नऊ किलो गेले.

फिजिओताई: पहाटवारा, सरसकट सगळ्यांना पायऱ्या नका सांगू. गोदाकाठ, उभं कसं राहता?

गोदाकाठ: ४४ वर्षं, ८२ किलो. गुडघे ताठ, दांडा घट्ट धरून. जेवण नेहमीचंच. गुडघे दुखतात म्हणून तर मशीन आणलं!

फिजिओताई: ताठ गुडघ्यांनी थरथर थेट कण्यात आणि डोक्यात जाते, थोडे वाकवून उभं राहायचं. प्लेट सेकंदाला साधारण २० ते ५० वेळा हलते, स्नायू आपोआप आवळतात. त्याने पायांत ताकद येऊ शकते, पण कॅलरी फार जळत नाहीत. आणि एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. बेल्जियममधल्या अँटवर्पला या प्लेटवर अभ्यास झाला, त्यात पोटातली चरबी घटली होती, पण ती माणसं जेवणही मोजून घेत होती.

पहाटवारा: म्हणजे मी तेच म्हणत होतो.

फिजिओताई: तुम्ही पायऱ्या म्हणालात. मी जेवण म्हणतेय.

मेनरोडवासी: पोटाला बांधायचा थरथरता पट्टा मात्र घेऊ नका. माझ्या वहिनीला पुरळ उठलं.

सातपूरकर: पट्ट्याचं कोणी विचारलंय? ताई, रविवारची मिसळ चालू आहे का? तर्री आणि जादा पाव धरून?

गोदाकाठ: चालू आहे. घरात सगळे खातात, मी एकटी ताटावरून कशी उठू?

फिजिओताई: मिसळ राहू द्या, मटकी जास्त घ्या, तर्री आणि पाव कमी. आधी हे सांगा: पेसमेकर, स्लिप डिस्क, मुतखडा, पित्ताचे खडे, यातलं काही?

गोदाकाठ: पित्ताशयात खडे आहेत, दिवाळीच्या सोनोग्राफीत निघाले. त्याचा इथे काय संबंध?

फिजिओताई: प्लेट आजच बंद करा. खडे असताना ही थेरपी देत नाहीत. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि वजन झपाट्याने उतरवायच्या मागे लागू नका, त्यानेही खडे वाढतात.

गोदाकाठ: बाई गं! दुकानात कोणी विचारलंच नाही. प्लग काढला. उद्या रिपोर्ट घेऊन जाते. पण गुडघ्यांसाठी काय करू, ते सांगा ना.