परिषदेच्या पोस्टरवर काय ठेवावे आणि काय काढावे?

कृष्णाकाठ:
नमस्कार. मी मृदाशास्त्रात पीएचडी करत आहे. शिरोळ तालुक्यातील क्षारपड जमिनीत भूमिगत निचरा प्रणाली (जादा पाणी आणि क्षार वाहून नेणारे जमिनीखालचे सच्छिद्र पाइप) बसवल्यावर मातीची क्षारता कशी बदलते, हा माझा विषय आहे. पुढील महिन्यात एका परिषदेत ए-झिरो आकाराचे उभे पोस्टर लावायचे आहे. प्रस्तावनेपासून संदर्भसूचीपर्यंत सारे त्यावर आलेच पाहिजे, असे मार्गदर्शकांचे मत आहे. तसे केले तर अक्षर १६ पॉइंटवर येते, तक्ते, आलेख आणि नकाशा यांची दाटी होते आणि निष्कर्ष पार तळाशी जातो. काय करावे?

मातीवाचक:
पोस्टर हा भिंतीवर चिकटवलेला शोधनिबंध नव्हे, हे मार्गदर्शकांना नम्रपणे पण स्पष्टपणे सांगावे लागेल. वाचणारा उभा असतो, चार-पाच फुटांवर असतो आणि त्याला पुढची कितीतरी पोस्टरे पाहायची असतात. शिवाय उभ्या पोस्टरचा तळ वाचायला वाकावे लागते, त्यामुळे निष्कर्षाची जागा वर, शीर्षकाच्या लगेच खालीच हवी. शीर्षकही ‘भूमिगत निचऱ्याचा मातीच्या गुणधर्मांवरील परिणाम : एक अभ्यास’ असे न ठेवता ‘भूमिगत निचऱ्यामुळे क्षारपड मातीची क्षारता घटली’ असे, म्हणजे तुमचे आकडे जे सांगतात तेच सांगणारे ठेवा.

अक्षराची परीक्षा सोपी आहे. पोस्टर ए-फोर कागदावर छापून घ्या. ए-झिरोची लांबी-रुंदी ए-फोरच्या चौपट असल्याने, हातातला कागद ४० सेंटीमीटरवरून विनासायास वाचता आला, तर मोठे पोस्टर १६० सेंटीमीटरवरून, म्हणजे सुमारे सव्वापाच फुटांवरून तितकेच वाचता येईल. तुमचे १६ पॉइंटचे अक्षर त्या कागदावर ४ पॉइंटचे होईल आणि वेगळे काही सांगावे लागणार नाही. मजकूर २४ पॉइंटच्या खाली नेऊ नका. देवनागरीत मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे असल्याने थोडे मोठे अक्षर आणि ओळींमध्ये जास्त अंतर ठेवलेले बरे.

आलेखप्रेमी:
वरील सल्ल्याशी सहमत आहे, पण माझ्या मते खरी सुधारणा आलेखांत आहे. सगळ्या आलेखांपैकी एकच निवडा : निचऱ्यापूर्वीची आणि नंतरची विद्युतवाहकता, म्हणजे क्षारतेचे माप, खोलीनुसार दाखवणारा. तो पानाच्या मध्यभागी मोठा घ्या, रेषांची नावे बाजूच्या चौकटीत न देता रेषेच्या टोकाशीच लिहा, म्हणजे वाचणाऱ्याची नजर सारखी ये-जा करणार नाही. मागची जाळी आणि त्रिमितीय स्तंभ काढून टाका.

नकाशात लाल-हिरवी जोडी टाळा, कारण काही जणांना, विशेषतः पुरुषांना, हा फरक दिसतच नाही. निळा आणि नारिंगी चालतील. क्षारतेची चढण दाखवायला इंद्रधनुषी रंगपट्टी वापरू नका. पायथन या संगणकभाषेतील मॅटप्लॉटलिब या आलेख काढण्याच्या साधनाने २०१७ साली २.० आवृत्तीत आपोआप निवडली जाणारी तशी पट्टी बदलून तिच्या जागी ‘विरिडिस’ ही पट्टी आणली, ती याच कारणासाठी : तिचा उजेड क्रमाने वाढतो, त्यामुळे कृष्णधवल छपाईतही क्रम टिकतो.

कृष्णाकाठ:
मनापासून आभार. काही जण मध्यभागी फक्त एक मोठे वाक्य आणि क्यूआर कोड ठेवतात, ते करावे का? आणि शेताचे फोटो छापल्यावर फुटतात, त्याचे काय?

मातीवाचक:
ती रचना २०१९ मध्ये माइक मॉरिसन या संशोधकाने मांडली. मुख्य निष्कर्ष लगेच दिसावा हा तिचा आग्रह योग्य आहे, पण मृदाशास्त्रातला वाचक पुरावा पाहिल्याशिवाय वाक्यावर विश्वास ठेवत नाही, म्हणून वाक्य वर आणि त्याखाली आलेख, हे मला जास्त पटते. संदर्भसूची आणि सविस्तर पद्धती क्यूआर कोडमागे ठेवा. मार्गदर्शकांचीही अडचण त्याने सुटेल.

फोटो मूळ कॅमेऱ्यातूनच घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला घेऊ नका. ३० सेंटीमीटर रुंद छापायचा तर दर इंचाला १५० पिक्सेल या हिशेबाने रुंदीत सुमारे १,८०० पिक्सेल हवेत. आलेख मात्र जेपीजी न करता व्हेक्टर स्वरूपातच (कितीही मोठे केले तरी न फुटणाऱ्या) पीडीएफमध्ये ठेवा. छपाईवाल्याकडे देण्यापूर्वी फॉन्ट त्या फाइलमध्ये समाविष्ट केलेला आहे ना, हे पाहा. नाहीतर मराठी मजकुरातली जोडाक्षरे तुटतात आणि ते पोस्टर छापून हातात आल्यावरच कळते.