मोडरझोन म्हणजे फक्त पाउलाचा नवरा?

कुंचलेबहाद्दर (धागाकर्ता)
परवा इथे जर्मन चित्रकर्ती पाउला मोडरझोन-बेकरवर लेख आला. लेख झकास, पण नवऱ्याची बोळवण एका वाक्यात: दलदलीची चित्रं काढणारा गावपातळीवरचा चित्रकार, बायकोची किंमत न कळलेला. तिथे प्रतिसाद लिहायला बसलो, तो आटपेना, म्हणून वेगळा धागा.

गावपातळीवरचा? १८८९ मध्ये ओटो मोडरझोन, माकेन्झन आणि हान्स आम एंडे हे चित्रकार अकादमीकडे पाठ फिरवून ब्रेमेनजवळच्या वोर्प्सवेडे या दलदलीतल्या खेड्यात राहिले. १८९५ ला म्युनिकच्या ग्लासपालास्टमधल्या प्रदर्शनात यांची चित्रं लागली आणि ओटोचं ‘टॉयफेल्समोरमधलं वादळ’ (टॉयफेल्समोर म्हणजे तिथलीच दलदल) तिथल्या नॉये पिनाकोथेक या संग्रहालयाने विकत घेतलं. तेव्हा तो तिशीत. बार्बिझों गावच्या फ्रेंच चित्रकारांनी जंगलात बसून चित्रं काढली की क्रांती, याने दलदलीत काढली की गावठी! संध्याकाळी दिव्याखाली खडूने काढलेली त्याची लहान लहान रेखाटनं बघा. मला मोठ्या कॅनव्हासपेक्षा तीच जास्त आवडतात. कवी रिल्केनेही १९०३ च्या वोर्प्सवेडेवरच्या पुस्तकात त्यांची दखल घेतली आहे.

खडूस_काकू
रिल्केचं नाव तुम्हीच काढलंत ते बरं झालं. त्या पुस्तकात पाच चित्रकार आहेत, पाचही पुरुष. पाउला कुठे आहे? आणि बायकोची किंमत न कळल्याचं म्हणाल, तर त्याच १९०३ मधली ओटोची रोजनिशी वाचा. हिने काढलेले हात चमच्यांसारखे, तोंडं जखमांसारखी, असं लिहून ठेवलंय पठ्ठ्याने.

कुंचलेबहाद्दर
काकू, रिल्केचं पाप ओटोच्या माथी कशाला? आणि रोजनिशीचं आदल्या वर्षीचं पान सोयीस्करपणे उलटलंत. १९०२ मध्ये तिची चित्रं बघून हाच माणूस हरखून गेला होता. १९०६ ला ती त्याला सोडून पॅरिसला गेली, तरी हा पैसे पाठवत राहिला.

खडूस_काकू
पैसे पाठवले! आरती ओवाळूया का? लग्नाआधी, १९०१ मध्ये, तिला बर्लिनला स्वयंपाक शिकायला धाडलं होतं. पुढच्या वर्षी ईस्टरच्या रविवारी ती घरखर्चाच्या वहीत लिहिते की लग्नाने सुख वाढत नाही, पहिल्या वर्षात मी खूप रडले. आणि हे लिहिताना स्वयंपाकघरात वासराचं मांस रटरटतंय.

दुपारची_झोप
+१ काकू. माझ्या मावशीच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा झाल्या होत्या, जीडी आर्टला प्रवेश मिळाला होता. लग्न ठरलं आणि सासरचे म्हणाले, हौस म्हणून काढ की चित्रं, कोण नको म्हणतंय. मग काय, दिवाळीला दारात रांगोळी आणि भाचरांच्या वह्यांना कव्हरं. रंगांची पेटी माळ्यावर वाळून दगड झाली. काका वाईट नव्हते हो. हेच तर दुखणं आहे, वाईट कोणीच नसतं.

सरळमार्गी
आली मावशी! कुठलाही धागा असो, शंभराव्या प्रतिसादाआधी कुणाची तरी मावशी येतेच. स्वयंपाक शिकण्याचा हट्ट पाउलाच्या आईवडिलांचा होता, ओटोचा नव्हे. लग्नानंतरही ब्र्युन्येसच्या शेतावर तिचा स्वतंत्र स्टुडिओ होता. तुमच्या मावशीला होता?

दुपारची_झोप
नव्हता. म्हणूनच सांगतेय ना! कुणाच्या घरातलं माणूस काढून टोमणे मारायचे असतील तर आरशासमोर उभे राहून मारा.

सरळमार्गी
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

हामबुर्गी_मिसळ
भांडण थांबलं असेल तर दलदलीबद्दल बोलू का? ब्रेमेनजवळ बरीच वर्षं काढली, त्या भागात सायकल हाणलीये. अठराव्या शतकात फिंडोर्फ नावाच्या माणसाने कालवे खणून ही दलदल कोरडी करायला घेतली, भूमिहीनांना जमिनीचे तुकडे दिले. तिकडची म्हण अशी: पहिल्याला मरण, दुसऱ्याला हाल, तिसऱ्याला भाकरी. ओल्या झोपडीत राहायचं, पीट (दलदलीतली जळाऊ माती) कापून वाळवायचं, काळ्या शिडाच्या होड्यांतून ब्रेमेनला नेऊन विकायचं. ओटोच्या चित्रात होडी दिसते, शीड दिसतं, संध्याकाळ तर काय विचारता. पाठ मोडलेला माणूस दिसत नाही. पाउलाने गावच्या गरिबांच्या आश्रमातली म्हातारी समोर बसवून रंगवली. फरक मला तिथे दिसतो, नवरा-बायकोच्या हिशेबात नाही.

अवांतर: रविवारी त्या गावात गाडी लावायला जागा मिळत नाही. प्रत्येक कौलारू घरात गॅलरी आणि केक.

कुंचलेबहाद्दर
माणसं आहेत हो त्याच्या चित्रांत. लहान आहेत, कारण तिथलं आभाळच तेवढं मोठं आहे. भूदृश्याकडून समाजशास्त्राचा पेपर कशाला मागायचा? आमच्या कॉलेजातही हेच. पोर्ट्रेटवाल्यांची वट, आणि आम्ही घाटावर बसून जलरंग केले की ‘कॅलेंडर’ म्हणून हसायचे. एका सरांनी तर भर वर्गात माझा कागद उलटा धरून दाखवला होता.

खडूस_काकू
अच्छा, म्हणजे दुखणं हे आहे होय. आधी सांगायचं ना, एवढं जर्मनीला कशाला जायचं!

हामबुर्गी_मिसळ
काकू, हे मात्र अती झालं. १९०७ मध्ये मुलगी जन्मली आणि तीन आठवडे होत नाहीत तोच पाउला गेली. ओटो पुढच्या वर्षी वोर्प्सवेडे सोडून फिशरहूडेला गेला आणि १९४३ पर्यंत रंगवत राहिला. ती छत्तीस वर्षं या धाग्यात कुणी काढलीच नाहीत, धागाकर्त्यानेही नाही. तिथली चित्रं जास्त मोकळी आहेत, व्युमे नदीच्या काठची. शेवटी एक डोळा गेला तरी थांबला नाही.

कुंचलेबहाद्दर
काढणार होतो. मावशी मध्ये आल्या.

खडूस_काकू
बरं बाबा, चांगला चित्रकार होता, लिहून घ्या. पण जगात चित्रकर्तीच्या नावाचं पहिलं संग्रहालय १९२७ मध्ये ब्रेमेनला उभं राहिलं ते पाउलाचं. ओटोचं फिशरहूडेचं संग्रहालय १९७४ चं. तिकीट आधी कुठलं काढायचं ते माझं मी बघेन.

दुपारची_झोप
सरळमार्गी, प्रतिसाद काढलात तरी मी वाचला होता.